मराठवाड्यात लेक-ट्रिप? हो, बॉस!

बिलोलीहून निघायचं, गाडी उत्तरेकडं वळवायची आणि चार दिवस पाणी धरून जायचं. शंकरसागर, ईसापूर, सिद्धेश्वर, येलदरी आणि शेवटी लोणार. राहायचं कुठं, बघायचं काय, खायचं काय... आणि पुढच्या सीटवर आजीला का बसवायचं, त्याची ही गोष्ट!

शुक्रवार, दुपारचे साडेचार. ऑफिसचं कँटीन. अजेंडा एकच, दिवाळीनंतरच्या जोडसुट्टीत जायचं कुठं? ‘नैनिताल,’ आमची सदाशिव पेठेतली कलीग म्हणाली. ‘उदयपूर,’ आमचा मुंबईकर म्हणाला. एका मुद्द्यावर मात्र दोघांचं एकमत होतं. लेक हवाच. सकाळी डोळे उघडले की समोर पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर सुट्टी कसली?

मी म्हटलं, ‘बिलोलीला चला.’

‘डिचोली? गोव्यातलं?’ पेठेतली खूश.

‘डिचोली नाही, बिलोली. जिल्हा नांदेड. माझं गाव. तिथून उत्तरेकडं निघायचं. चार दिवस, पाच तलाव.’

दोघंही अशी काही हसली की शेजारच्या टेबलावरचे एचआरवाले वळून बघायला लागले. मुंबईकरानं तर स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली. ‘घे. गावी पाठव.’

चूक त्यांची नाही. मराठवाडा म्हटलं की बाकीच्या महाराष्ट्राला एकच चित्र आठवतं. एप्रिल २०१६, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन निघालेली रेल्वे. ते चित्र खोटंही नाही. पण आमच्याकडं पाणी आहे, मोठमोठे जलाशय आहेत, हेही तितकंच खरं. आणि मनातल्या मनात मला कबूल करावं लागलं की मी तरी ते कुठं पाहिलंय? अठराव्या वर्षी गाव सोडलं. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीला रात्रीची बस, सकाळी घर, दोन दिवस आईच्या हातचं खाणं आणि परत रात्रीची बस. आपल्याच मुलुखातून मी कायम झोपेत गेलोय!

सो, ठरलं. हरलो तर तिघांचं उदयपूरचं बिल मी भरणार. जिंकलो तर महिनाभर माझा चहा त्यांच्याकडून.

स्टार्टिंग पॉइंट : बिलोली

पुण्याहून बार्शी, लातूर, उदगीर, देगलूर करत बिलोली म्हणजे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालो, संध्याकाळी पोचलो.

बिलोली हे महाराष्ट्राचं अगदी टोक. तालुक्याच्या पूर्वेला मांजरा नदी वाहते. येसगीचा पूल ओलांडला की तेलंगण सुरू. त्यामुळं इथल्या बोलण्यात मराठी, तेलुगू, दखनी उर्दू अशी सगळी मिसळ. बाजारात एकच माणूस एका वाक्यात तिन्ही भाषा वापरतो आणि समोरच्याला सगळं समजतं. गावात एक जुनी दगडी मशीद आहे, औरंगजेबाच्या काळातली, नवाब सरफराज खान यांच्या नावाची. लहानपणी रोज तिच्यावरून शाळेत जायचो. पेठेतली तिच्या दगडी कोरीवकामाचे फोटो काढायला लागली तेव्हा पहिल्यांदा मी मान वर करून नीट बघितलं.

बिलोलीत हॉटेल वगैरे शोधू नका. मुक्काम आमच्या घरी झाला. तुमचा कुणी मित्र या भागातला असेल तर त्याच्याकडं करा, नाहीतर सरळ नांदेडला जा. पण जेवण असं की मुंबईकराची बोलती बंद. ज्वारीची कडक भाकरी, तुरीचं वरण, येसर आमटी आणि शेजारच्या धर्माबादच्या लाल मिरचीचा ठेचा. धर्माबादचा मिरची बाजार इकडं फेमस आहे. का, ते मुंबईकराला दुसऱ्या घासाला कळलं.

जेवताना आजीनं विचारलं, ‘कुठं चाललालाव रे?’

मी नावं सांगितली. नांदेड, ईसापूर, औंढा, सिद्धेश्वर, येलदरी... आजी थांबली. हातातला भाकरीचा तुकडा तसाच.

‘येलदरीला?’

मग मला आठवलं. आजीचं माहेर जिंतूरच्या बाजूचं. लग्न होऊन ती बिलोलीला आली, आणि काही वर्षांनी पूर्णा नदीवरचं येलदरी धरण झालं. गाव पाण्याखाली गेलं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणजे जसं एखादं जुनं कपाट घरात असतं तसं. ते उघडून कुणी बघितलं नव्हतं. गाव वर सरकलं, भाऊ तिथं गेले, ते गेल्यावर भाचा जिंतूरला आला. आजी लग्नकार्याला जिंतूरपर्यंत जाऊन आली होती. धरणावर कधीच नाही.

‘आजी, येतेस?’ पेठेतलीनं विचारलं. मी नाही, तिनं.

‘मी काय करू येऊन? पाण्यात काय राहिलंय माझं?’ आजी म्हणाली आणि उठून आत गेली.

सकाळी सहाला आम्ही गाडीपाशी आलो तर आजी नऊवारी नेसून, पिशवी घेऊन ओसरीवर बसलेली. ‘मला पुढं बसवा. मागं मळमळतंय.’

आमच्या लेक-ट्रिपला चौथा मेंबर मिळाला. वय ऐंशीच्या पुढं.

दिवस पहिला : नांदेड आणि शंकरसागर

नरसीला आलं की अकोला ते संगारेड्डी जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग लागतो. नायगाव करत नांदेड पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. रस्ता मस्त, पण हायवे आहे म्हणून पाय दाबू नका. ऊस भरलेले ट्रॅक्टर कुठूनही येतात आणि मागं लाइट असेलच याची गॅरंटी नाही.

नांदेडजवळ विष्णुपुरीला गोदावरी अडवली आहे. प्रकल्पाचं पूर्ण नाव डॉ. शंकरराव चव्हाण विष्णुपुरी प्रकल्प आणि जलाशय म्हणजे शंकरसागर. इथलं पाणी पंपानं उचलून वरच्या शेतांना दिलं जातं, आणि नांदेड शहर पितं तेही हेच पाणी. शंकरराव दोनदा मुख्यमंत्री होते, पण मराठवाड्यात त्यांची आठवण काढतात ती पाण्यासाठी. पैठणच्या जायकवाडीपासून इथपर्यंत, गोदावरीचं पाणी अडवायचं असं ज्यांनी डोक्यात घेतलं त्यांतले ते एक.

पाणी बघायला बेस्ट जागा काळेश्वर मंदिर. जलाशयाला अगदी खेटून. संध्याकाळी पाचला जा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं सबमिशन टाळून इथं बसलेली असतात. सूर्य बुडताना पाणी तांबूस होतं. मुंबईकर दहा मिनिटं काहीच बोलला नाही. स्कोअर एक-शून्य.

राहायला नांदेडमध्ये स्टेशनजवळच्या लॉजपासून चकाचक एसी हॉटेलपर्यंत सगळं आहे. आम्ही मात्र आजीच्या हट्टानं गुरुद्वाऱ्याच्या यात्री निवासात राहिलो. तख्त सचखंड श्री हजूर साहिब. गुरू गोविंदसिंगांचं निधन इथंच १७०८ मध्ये झालं आणि त्याआधी त्यांनी गुरू ग्रंथ साहिबालाच पुढचे गुरू म्हणून घोषित केलं. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधून घेतलेली. डोकं झाकायचं, चप्पल काढायची आणि लंगरमध्ये पंगतीला बसायचं. कोण कुठला, कुणी विचारत नाही. सणासुदीला आणि गुरुपर्वाला खोली मिळणं कठीण, तेव्हा तारखा बघून जा.

लंगरच्या पंगतीत आजी आणि पंजाबहून आलेली एक बाई शेजारी बसल्या. एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी अर्धा तास गप्पा मारत होत्या. विषय गुडघे, असं नंतर समजलं.

दिवस दुसरा : ईसापूर आणि औंढा

सकाळी सुशीला हाणा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी, वर डाळ्याचं कूट आणि लिंबू. पोह्यांची मराठवाडी बहीण. मग अर्धापूरमार्गे कळमनुरीकडं. अर्धापूर म्हणजे केळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा आणि टेम्पोत चढणारे घड.

ईसापूर धरण पैनगंगेवर. नदीच्या अलीकडं मराठवाडा, पलीकडं विदर्भ. धरण मातीचं आणि पाणी इतकं पसरलेलं की समोरचा काठ धुक्यात विरून जातो. २०१४ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात चक्रवाक बदकं उतरतात, केशरी रंगाची, जोडीजोडीनं. दुर्बीण असेल तर न्या. नसेल तर गप्प बसा, पक्षी स्वतःहून जवळ येतात. आम्ही गप्प बसू शकलो नाही, त्यामुळं आम्हाला ते लांबूनच दिसले.

इथं थांबायचं ते दोन तास. खाण्यापिण्याचं सोबत न्या. आईनं दिलेले धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी, समोर पाणी. उदयपूरच्या कुठल्या रूफटॉपवर हे मिळतं, सांगा!

दुपारी हिंगोलीमार्गे औंढा नागनाथ. मुक्काम इथंच करा. संस्थानचा भक्तनिवास आहे, काही साधे लॉज आहेत. आम्ही आधी एका लॉजवर गेलो, फोनवर ‘गरम पाणी चोवीस तास’ सांगितलेलं. गेल्यावर कळलं, पाणी गरम म्हणजे टाकी उन्हात आहे. आजीनं एका नजरेत खोली रिजेक्ट केली. तात्पर्य, खोली बघून पैसे द्या.

मंदिर मात्र जबरदस्त. यादवकाळातलं, बाहेरून सगळं कोरीव. खालचा भाग काळ्या दगडाचा आणि वरचा पांढरा. वरचा भाग नंतरचा, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेला. ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं. आजीला ते झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघी-तिघे आळीपाळीनं बाहेर तिच्यापाशी थांबलो. मंदिरामागं नंदी आहे. समोर असायचा तो मागं कसा, असं मुंबईकरानं विचारलं आणि आजीनं त्याला नामदेवांची गोष्ट ऐकवली. नामदेवांना कीर्तन करायला मागं पाठवलं, तर देऊळच फिरलं. नंदी मात्र होता तिथंच राहिला. नामदेवांचं नरसी गाव याच जिल्ह्यातलं.

आता टेकी लोकांसाठी बोनस. औंढ्याजवळ दुधाळा इथं लायगो-इंडिया उभं राहतंय. विश्वात कुठंतरी लांब दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात तरंग उठतात, ते मोजणारी वेधशाळा. तिला चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतात आणि भुजेच्या लांबीत प्रोटॉनहूनही कितीतरी लहान फरक पडला तरी ती पकडते. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. इथं जमीन शांत आहे, वर्दळ कमी आहे म्हणून ही जागा. ज्या गोष्टीसाठी आम्ही लाजायचो, की आमच्याकडं काहीच नाही, तेच नेमकं जगातल्या शास्त्रज्ञांना हवं होतं!

दिवस तिसरा : सिद्धेश्वर आणि येलदरी

ही या ट्रिपची मेन स्टोरी.

पूर्णा नदीवर दोन धरणं. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. १९६८ मध्ये ती पूर्ण झाली. येलदरी हा मोठा साठा, ८०९ दशलक्ष घनमीटर उपयुक्त पाण्याचा. पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीज केंद्र. वीज तयार करून सोडलेलं पाणी खाली सिद्धेश्वरला अडतं आणि तिथून कालव्यांनी शेतात जातं. म्हणजे एक बँक आणि एक एटीएम, असं पेठेतलीनं समजून घेतलं. बरोबरच आहे.

सिद्धेश्वर औंढ्याहून जवळ, त्यामुळं आधी तिथं. सकाळची वेळ, पाण्यावर वाफ. जवळच्या टपरीवर चहा घेतला. मुंबईकरानं चहावाल्याला विचारलं, ‘हा कालवा जातो कुठं?’

‘वसमतकडं. परभणीकडं, नांदेडकडं बी जातंय पाणी. वसमतची हळद कशावर आलीय मग?’

वसमतची हळद म्हणजे मोठं नाव. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी बिलोलीला दरवर्षी हीच हळद येते. आजी स्वतः वास घेऊन निवडते.

आजी चहा बशीत ओतत होती. थांबली. ‘येलदरीचंच पाणी ना हे?’

‘तिथलंच की, आजी.’

‘म्हंजे इतकी वर्षं आपण माझ्या माहेरचीच हळद खातोय.’

कुणी काही बोललं नाही. चहावाल्यानं आजीच्या चहाचे पैसे घेतले नाहीत.

जिंतूरला आजीच्या भाच्याला सोबत घेतलं. तेही सत्तरीला आलेले. येलदरी तिथून फार लांब नाही. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि तिथं फोटोही काढू नका. भाच्यानं आम्हाला बाजूच्या रस्त्यानं फुगवट्याच्या काठावर नेलं. यंदा पाऊस चांगला झालेला, पाणी काठोकाठ. वारा होता आणि पाणी एखाद्या समुद्रासारखं काठावर चपचप करत होतं. नैनितालपेक्षा हे कितीतरी मोठं. पण या वेळी मी स्कोअर मोजला नाही.

आजी गाडीतून उतरली आणि चालत पाण्यापर्यंत गेली.

‘कोणत्या अंगाला?’ तिनं विचारलं.

भाच्यानं बोट दाखवलं. ‘ती झाडं दिसतात ना आत्याबाई, त्याच्या सरळ रेषेत. मारुतीचा पार उन्हाळ्यात पाणी उतरलं की कधी कधी दिसतो.’

आजी बघत राहिली. मग सांगायला लागली. रडत वगैरे नाही, रस्ता सांगावा तसं. इथून तीन गल्ल्या होत्या. शेवटच्या गल्लीत आमचा वाडा. मागं आड होता, त्याचं पाणी गोड. नदीवर धुणं घेऊन जायचो, परत येताना वाळूत पाय भाजायचे. तिच्या बापाला पैसे मिळाले होते, किती ते तिला माहीत नाही. त्यातून वर थोडी मुरमाड जमीन घेतली. ‘नदीकाठची काळी जमीन गेली, तशी पुन्हा नाही मिळाली. माझ्या बापानं नंतर नदीकडं तोंड करून जेवण नाही केलं.’

पेठेतलीनं हळूच विचारलं, ‘आजी, राग येतो?’

आजीनं विचार केला. ‘यायचा. खूप यायचा. मला विचारलं असतं तर मी दिलं नसतं गाव. पण मला कुणी विचारलं नाही, माझ्या बापाला बी नाही विचारलं. आता वसमतच्या बायांच्या घरात चूल पेटती या पाण्यावर, तर काय म्हणू?’ थोडं थांबून म्हणाली, ‘तरी विचारायला पाहिजे होतं.’

मग तिनं पिशवी उघडली. आत खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. बिलोलीहून निघतानाच घेतलेलं, आम्हाला न सांगता. तिनं पूर्णेची ओटी भरली. नेहमी लेक माहेरी गेली की आई तिची ओटी भरते. इथं उलटं झालं. हळदीची पुडी वसमतचीच होती. पाण्यावर ती पिवळी रेघ थोडा वेळ तरंगली आणि मग दिसेनाशी झाली.

परत गाडीत बसताना भाचा म्हणाला, ‘आत्याबाई, आठ दिवस राहा की आता. माहेरपण करू तुमचं.’ आजीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘मी बाबांना फोन करतो.’ ती जिंतूरलाच राहिली. जाताना मुंबईकराच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. ‘पोरा, गाडी हळू चालव.’ गाडी खरं तर मी चालवत होतो.

जिंतूरला वेळ असेल तर गावाजवळच्या टेकडीवरची नेमगिरीची जैन लेणी बघा. आम्ही तिथं गेलो, पण खरं सांगायचं तर तिघांचंही लक्ष लागलं नाही. परत येईन तेव्हा नीट बघेन.

दिवस चौथा : लोणार

जिंतूरहून मंठामार्गे लोणार साधारण दोन तास. आम्हाला तीन लागले, कारण वाटेत टायर पंक्चर. पंक्चरवाल्यानं काम करता करता सांगितलं की तुम्ही बघायला चाललाय तो दगड वरून पडलाय. एका वाक्यात यापेक्षा बरी माहिती मला नंतर कुठंही मिळाली नाही.

लोणारचं विवर उल्का आदळून झालेलं आहे, तेही बेसॉल्टच्या काळ्या खडकात, आणि असं विवर जगात फार दुर्मीळ. काठ ते काठ साधारण एक किलोमीटर ऐंशी. किती जुनं? आधी पन्नासेक हजार वर्षं सांगायचे, नंतरच्या एका अभ्यासानं आकडा पावणेसहा लाखांच्या आसपास नेला. पाणी खारट आणि अतिशय अल्कधर्मी. जून २०२० मध्ये, आपण सगळे घरून काम करत होतो तेव्हा, हे पाणी अचानक गुलाबी झालं होतं. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेनं शोधून सांगितलं की हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अलीकडच्या वर्षांत मात्र तळ्याची पातळी वाढत चालली आहे. काठावरच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पाणी शिरलं. जास्तीचं गोडं पाणी मिसळलं तर या तळ्याचं वेगळेपणच जाईल, ही तिथल्या लोकांची काळजी.

खाली उतरायचं तर सकाळी लवकर जा, गाइड घ्या, चांगले बूट घाला. अभयारण्य आहे, मोर आणि माकडं भरपूर. वर गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. भिंतींवरचं कोरीवकाम बघायला एक तास ठेवा. राहायला एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे. वीकेंडला भरतं, म्हणून आधी बुक करा.

संध्याकाळी विवराच्या काठावर बसलो होतो. मुंबईकर म्हणाला, ‘या ट्रिपमधला हा एकच तलाव कुणी बांधलेला नाही ना?’

‘आणि कुणाचं गावही नाही याच्या तळाशी,’ पेठेतली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी परत. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि मोती तलाव बघून, जालना, छत्रपती संभाजीनगर करत पुणे. लोणार ते पुणे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास.

सोमवारी ऑफिसला गेलो तर माझ्या डेस्कवर चहा तयार. बेट जिंकल्याचा पहिला कप. आणि मुंबईकराच्या डेस्कवर हळदीची पाकिटं, वसमतची, ऑनलाइन मागवलेली. सगळ्या टीमला वाटत होता. ‘आजीच्या माहेरची आहे,’ असं सांगून!

आजीला फोन केला. ‘आठ दिवस झाले, घ्यायला येऊ का?’

‘काय घाई आहे? पंधरा दिवस राहीन म्हणते. माहेरी आहे मी,’ आजी म्हणाली, आणि तिनंच फोन ठेवला.

प्लॅन करताना

कधी : ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस संपल्यावर पाणी भरपूर, हवा मस्त. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर शेतावरचा हुरडा मिळतो. मे महिन्यात जाऊ नका, बेचाळीस डिग्रीत कुठलाच लेक रोमँटिक वाटत नाही.

रूट : बिलोली, नरसी, नांदेड, कळमनुरी, ईसापूर, हिंगोली, औंढा नागनाथ, सिद्धेश्वर, जिंतूर, येलदरी, मंठा, लोणार. मुंबईकरांना परतीला मेहकरहून समृद्धी महामार्ग पकडता येतो.

मुक्काम : नांदेड, औंढा, लोणार. जिंतूरला साधे लॉज. धरणांवर राहण्याची सोय गृहीत धरू नका. अंधार पडायच्या आत गावात या.

खाणं : सुशीला, धपाटे, येसर आमटी, भाकरी-ठेचा. तिखट कमी हवं असेल तर आधी सांगा. सांगितलं तरी तिखटच येईल.

सांभाळा : जलाशयात पोहायला उतरू नका. काठावर गाळ असतो, खोली कळत नाही. पावसाळ्यात दारं कधीही उघडतात, भोंग्याकडं लक्ष ठेवा. पेट्रोल हायवेवरच भरा. टपरीवर यूपीआय चालतं, नेटवर्क चालेलच असं नाही, त्यामुळं खिशात कॅश हवी.

एक दिवस जास्तीचा असेल तर : बिलोलीहून उत्तरेऐवजी पूर्वेला वळा. धर्माबादमार्गे बासरचं सरस्वती मंदिर, गोदावरीच्या काठी. लहान मुलांना पहिलं अक्षर गिरवायला इथं आणतात. पुढं पोचमपाडचा श्रीरामसागर, नेहरूंनी १९६३ मध्ये पायाभरणी केलेला, ४२ दरवाज्यांचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : घरी कुणी आजी-आजोबा असतील, तर निघण्याआधी रूट त्यांना वाचून दाखवा. कुठल्या नावावर ते थांबतात, बघा. पुढची सीट त्यांची.